जोंधळ्याच्या मुलखात दहा दिवस

७ नोव्हेंबर २०२२, मुंबई

परवा तुळशीचं लग्न लागलं आणि आज मी विमानतळावर. आईनं बॅगेत उरलेल्या फराळाचा डबा आणि बार्शीची शेंगाचटणी कोंबली. ‘कुठं आलं गं ते बैदोआ?’ सोमालियात, म्हटलं. तिचा चेहरा उतरला, म्हणून घाईनं जोडलं, ‘जोंधळा पिकतो तिथं. आपल्यासारखाच.’

‘मग खायला का नाही त्यांना?’

‘बहात्तरला आपल्याकडं काय जोंधळा पिकत नव्हता?’

यावर ती काही बोलली नाही. चटणीची आणखी एक पुडी तेवढी टाकली.

मी मूळची नर्स. मेळघाटात, धारणीच्या बाजूला, कुपोषित मुलांच्या वॉर्डात सात वर्षं काढली. आता एका संस्थेकडून तेच काम शिकवायला इकडंतिकडं जाते. यावेळी जाऊनयेऊन दहा दिवस.

८ नोव्हेंबर, मोगादिशू

धावपट्टी समुद्राला इतकी चिकटून आहे, की उतरताना चाकं लाटांवर टेकतील असं वाटतं. मोगादिशू मी एवढंच पाहिलं. बाहेरून आलेल्यांना विमानतळाच्या कुंपणातच ठेवतात. पत्र्याच्या कंटेनरमध्ये खोल्या, भोवती वाळूच्या गोण्या. दहा दिवसांपूर्वी, २९ ऑक्टोबरला, शहरातल्या झोबे चौकात दोन गाडीबॉम्ब फुटून शंभरावर माणसं गेली होती. त्यामुळे बाजार बघू का, असं विचारायचीही सोय नव्हती.

दंडघेर पट्ट्यांचं, म्हणजे मुलाचा दंड मोजून कुपोषण ओळखायच्या पट्ट्यांचं, खोकं नैरोबीतच राहिलं. उद्या येईल म्हणाले. (ते मी परत निघाले तेव्हा आलं.)

दुपारी बैठक झाली. इथं पावसाचे दोन हंगाम. एप्रिल ते जूनचा ‘गु’, हा शब्द मराठी माणसानं बैठकीत गंभीर चेहऱ्यानं म्हणून दाखवावा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरचा ‘देर’. २०२० च्या देरपासून ओळीनं चार हंगाम वाया गेले, पाचवा डोळ्यांदेखत चालला होता. त्यात फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं. या देशात येणारा नव्वद टक्के गहू रशिया आणि युक्रेनचा. शेतात काही नाही आणि बाजारातलं परवडत नाही, अशी दोन्हीकडून कोंडी.

५ सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांचे मदतकार्य प्रमुख मार्टिन ग्रिफिथ्स याच शहरात सांगून गेले होते, की बैदोआ आणि बुरहकबा या दोन जिल्ह्यांत वर्षअखेरीपर्यंत फॅमिन येणार. या शब्दाशी मी त्या बैठकीत बराच वेळ झगडत होते. मराठीत पाऊस नाही पडला तरी दुष्काळ, आणि माणसं अन्नावाचून मेली तरी दुष्काळच. सोमालीत वेगळे शब्द आहेत. ‘अबार’ म्हणजे अवर्षण, ‘मअलूल’ म्हणजे उपासमार. अबारचं मअलूल कधी झालं हे ठरवायला तीन आकडे लागतात. पाचातलं एक घर अन्नाला पूर्ण मोताद, शंभरातली तीस मुलं तीव्र कुपोषित, आणि दहा हजार माणसांमागे रोज दोन मृत्यू. तिन्ही जुळले की जाहीर करायचं.

‘मेलेले मोजतं कोण?’ मी विचारलं.

‘जिथं जाता येतं तिथं आम्हीच.’

‘आणि जिथं जाता येत नाही तिथं?’

समोरच्या माणसानं नकाशावर बैदोआभोवती बोट फिरवलं. शहर सरकारच्या हातात, भोवतीचा बराच मुलूख अल-शबाब या सरकारशी लढणाऱ्या सशस्त्र अतिरेकी गटाच्या. त्यानं बोट उचललं आणि पुढचा मुद्दा घेतला.

९ नोव्हेंबर, बैदोआ

मोगादिशूहून बैदोआ सडकेनं अडीचशे किलोमीटर. म्हणजे बार्शीहून पुण्याला जाऊन थोडं पुढं. पण त्या सडकेवर आमच्यासारख्यांनी जायचं नाही, म्हणून जागतिक अन्न कार्यक्रमाच्या छोट्या विमानानं गेलो. खाली माती तांबडी, ओढे पांढरे पडलेले, झुडपांच्या काट्यांची गोल कुंपणं आणि त्यांच्या आत काही नाही. मग एकाएकी शहर आलं, आणि त्याच्या कडेनं चिंध्यांचे ठिपके. पाचशेहून जास्त वस्त्या आहेत म्हणे, सगळ्या निर्वासितांच्या.

या गावाला जुनी माणसं ‘बैदोआ जनाय’ म्हणत, म्हणजे स्वर्ग. मधोमध झरा आहे, आजूबाजूला जोंधळ्याची काळी-तांबडी रानं. १९९२ च्या दुष्काळात याच गावाला जगानं मृत्यूचं शहर म्हटलं. २०११ साली पुन्हा, २०१७ साली थोडक्यात हुकलं.

आमच्या आवाराचा म्हातारा रखवालदार माझ्याकडं बघून म्हणाला, ‘हिंदी?’ भाषा नव्हे, भारतीय. १९९३-९४ मध्ये भारतीय लष्कराची ब्रिगेड संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत बैदोआला होती. त्यांच्या जनावरांच्या डॉक्टरानं याच्या उंटिणीला सुई दिली होती, एवढं त्याला आठवत होतं, आणि ती पुढं दोनदा व्याली हेही. मला आठवत होतं ते मी बोलले नाही. १९९४ च्या ऑगस्टमध्ये त्याच ब्रिगेडचे तीन डॉक्टर इथं मारले गेले होते.

१० नोव्हेंबर

पहाटेपासून वॉर्डात. एका खाटेवर दोन-दोन आया, जमिनीवर चटया, छताला पंखा आहे पण फिरवायचा नाही. अशा मुलांचं अंग गार पडतं आणि ती त्या गारव्यानंच जातात. भूक हे मूळ दुखणं खरं, पण मूल जातं ते रात्री साखर उतरून, अंग गार पडून, किंवा जुलाबानं आणि गोवरानं.

धारणीत पहिल्या दिवशी मला जे शिकवलं तेच इथं शिकवायचं होतं. मूल आलं की आधी साखरपाणी. मग एफ-७५ नावाचं पातळ दूध, दर दोन-तीन तासांनी, थोडं-थोडं, रात्रीसुद्धा. एकदम पोटभर द्यायचं नाही, कारण उपाशी शरीराचं काळीज तेवढं पेलत नाही. सूज उतरली, भूक लागली, की एफ-१००. मग शेंगदाण्याच्या पेस्टचं पाकीट, ९२ ग्रॅमचं, ५०० कॅलरीचं. ते मूल स्वतः चोखायला लागलं की घरी पाठवायचं, पाकिटं बांधून. घर म्हणजे इथं चिंध्यांचं खोपट.

एका आईनं मला पदराला धरून ओढलं आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाटलीकडं बोट दाखवलं. दुभाषी नर्सनं सांगायच्या आधीच मला कळलं. तिला सलाईन हवं होतं! मेळघाटातल्या कोरकू आया हेच म्हणायच्या: ‘बाटली लावा, दूध काय घरीपण देतो.’ बाटली लावली म्हणजे उपचार झाला. आणि या मुलांना सलाईन चढवणं हाच सगळ्यांत मोठा धोका, मूल शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोसळून मरणाच्या दारात, गेल्याशिवाय लावायचंच नाही. मी हे तिला तीन वेळा सांगितलं. तिनं तीन वेळा मान डोलावली आणि चौथ्यांदा बाटलीकडं बोट केलं.

वय विचारायचं तर तारखा कुणाकडंच नाहीत. ‘दुसरा गु बुडाला तेव्हाचा.’ ‘शेवटची गाय मेली त्याच्या आधीची.’ आमच्या नर्सांनी यावरून भिंतीवर एक पंचांगच लावलंय. कुठला हंगाम, कुठली साथ, कुठली निवडणूक. त्यावरून महिने मोजायचे. मला ते फार आवडलं, मी त्याचा फोटो काढला. मग लक्षात आलं, की त्यात चार वेळा ‘पाऊस नाही’ लिहिलंय आणि मधल्या जागा भरायला दुसरं काही घडलेलंच नाही.

पट्ट्या इथल्याच जुन्या वापरल्या. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. सकाळच्या चाळीस मुलांत हिरवी पट्टी किती हे मी मोजणार होते. मग सोडून दिलं.

रात्री एक मूल गेलं. आई रडली नाही. तिनं त्याच्या पायातला काळा दोरा सोडवून घेतला आणि हातात गुंडाळला.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी. बाहेर पडायची मुभा नाही. स्वयंपाकघरात आचाऱ्यानं चवळीची भजी तळली होती. ‘बजिये’, तो म्हणाला. मी म्हटलं, भजी. त्यानं नाराजीनं दुरुस्त केलं, बजिये. चहात वेलदोडा, दालचिनी, लवंग, चपातीला जबाती. कधीकाळी गलबतं मुंबईहून नुसता माल घेऊन आली नसणार. शेंगाचटणी त्याला चाखायला दिली. डोळ्यांत पाणी आलं, पण पुडी परत दिली नाही.

१२ नोव्हेंबर

आज वस्तीवर जायला चाळीस मिनिटं मिळाली. चिलखती गाडी, अंगावर जड जाकीट, घड्याळ बघणारा एक माणूस कायम पाठीशी.

‘बूल’ म्हणतात त्या खोपटांना. वाकवलेल्या फांद्या, वर चिंध्या, गोणपाट, नशीब असेल तर प्लास्टिकचा कागद. आत उभं राहता येत नाही. बाहेर पिवळ्या कॅनची रांग, टँकर आलेला नव्हता. माणसं रांगेत नव्हती, कॅन होते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा अशाच घागरी माणसांच्या ऐवजी उभ्या असायच्या.

ज्या बाईशी बोलायचं होतं ती बारा दिवसांपूर्वी आली होती. तीन मुलं घेऊन निघाली, दोन घेऊन पोचली. चार दिवस चालली, मग एका गाढवाच्या गाडीवाल्यानं घेतलं. मधल्या मुलाला रस्त्याच्या कडेला पुरलं. ‘कुठं?’ असं मी विचारलं नाही, पण तिनं सांगितलं. एका बाभळीची खूण केली आहे.

मग मी तिला पिकाचं विचारलं, कारण मला दुसरं काही सुचेना. तांबडा जोंधळा, म्हणाली. काढल्यावर ठेवता कुठं? तिनं दोन्ही हात जमिनीकडं नेऊन खड्डा दाखवला. ‘बकार.’ जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्यानं मढवायचा, धान्य भरायचं, वर माती ओढून तोंड बंद. चांगलं साल असलं तर दोन-तीन वर्षं दाणा टिकतो.

पेव! मी मोठ्यानं म्हटलं. आमच्या घराच्या अंगणात होतं. आजी सांगायची, पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो. दुभाषी नर्सनं ते तिला सांगितलं. बाई पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघत म्हणाली, हो, तिच्या चुलत्याचं तसंच झालं होतं.

आम्ही चाळिसातली दहा मिनिटं पेवांवर घालवली. घड्याळवाला वैतागला.

निघताना तुझं बकार कसं आहे म्हणून विचारलं. ‘रिकामं. पण तोंडावर माती ओढून आले.’ रिकाम्यावर कशाला? ‘कुणाची शेळी पडायची.’

परत येताना गाडीत मला सारखं बहात्तर आठवत होतं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण आमच्या घरात ते साल कालच्यासारखं बोलतात. अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी, सुकडी, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. हाल झाले, जनावरं गेली, मिलोला आजी मरेपर्यंत शिव्या घालत होती. पण काम गावाच्या शिवारात किंवा दोन-चार कोसांवर निघालं. रात्री माणूस आपल्या उंबऱ्याशी झोपायला आलं, आणि पाऊस पडला तेव्हा पेरायला तिथंच होतं. गावाला पाझर तलाव उरला तो वेगळाच.

इथं मदत गावापर्यंत जाऊच शकत नाही. जिथं जोंधळा पिकतो ती रानं अल-शबाबच्या टापूत, आणि पेस्टचं पाकीट शहरात. मग माणसानंच पाकिटापर्यंत चालायचं. जो चालू शकतो, ज्याच्याकडं गाडीभाड्यापुरती शेळी उरली आहे, तोच आमच्या रांगेत दिसतो. रांग मोठी म्हणून आम्ही घाबरतो; मला त्या दिवसापासून रांगेत नसलेल्यांची भीती वाटायला लागली. आणि जी आली ती रान सोडून आली. उद्या गु चांगला झाला, तर पेरणार कोण?

हे मी रात्री अहवालात लिहिलं. वरिष्ठांनी दुसऱ्या दिवशी कळवलं, की हे पोषणाच्या कक्षेत येत नाही.

१३ नोव्हेंबर

पाऊस! पहाटे पत्र्यावर ताशा वाजला आणि मी वेड्यासारखी बाहेर पळाले. रखवालदार हात पसरून उभा होता. तासभर चांगला कोसळला.

दहा वाजेपर्यंत वॉर्डाच्या दारात गर्दी. पहाटेच्या पावसात भिजलेली मुलं, अंगं गार. बूलमध्ये पाणी शिरलेलं, शौचाचे खड्डे भरून वाहू लागलेले. चार दिवसांत जुलाबाच्या केसेस वाढतील, असं इथली नर्स फळ्यावर लिहून मोकळी झाली. दुपारी रखवालदार हिरमुसला होता. त्याच्या भावाच्या उरलेल्या दोन शेळ्या पावसात काकडून मेल्या. हाडांवर मांसच नसेल तर पहिला पाऊस सोसत नाही. वर्षभर ज्याची वाट पाहिली त्यानंच नेल्या.

एवढ्या एका पावसानं काही उगवणार नव्हतं. त्यानंतर मी असेपर्यंत आभाळ कोरं.

१४ नोव्हेंबर

पैसे वाटपाचा दिवस, म्हणजे बघायला काहीच नाही. रांग नाही, पोती नाहीत. मोबाईलवर संदेश येतो, आणि डॉलर जमा होतात. सोमाली शिलिंगाची नोट मी एकदाही पाहिली नाही. गाढवगाडीवर पाणी विकणारासुद्धा फोनवरून पैसे घेतो. बाजारात तांदळाच्या पोत्यांवर भारताचं नाव वाचून जरा अभिमान वाटला, भाव ऐकून गेला.

फोन नसलेल्यांचं काय? त्यांना मुकादम फोन देतो. वस्तीची जमीन कुणाची तरी असते, तिच्यावर हा माणूस लोक बसवतो, यादी करतो, संस्थांना भेटतो. मदत आली की त्याचा वाटा त्याच्या हातावर ठेवायचा. सगळ्यांना माहीत आहे. मी चिडून विचारलं, मग त्याला काढत का नाही? दुभाषी नर्स म्हणाली, ‘दीदी, काढलं तर या बायांना उद्या जागेवरून उठवतील. आणि रात्री मूल आजारी पडलं तर रिक्षा कोण आणतं? तोच.’ ती मला दीदी म्हणायला हिंदी सिनेमांतून शिकली आहे. मला तिचं उत्तर पटलं नाही, आणि खोडताही आलं नाही.

१५ नोव्हेंबर

शेवटचं प्रशिक्षण. बावीस जणी, दोन पुरुष. पायावर अंगठा तीन सेकंद दाबायचा, खळगा राहिला तर सूज. सूज दिसली तर दंड कितीही भरो, मूल भरती. सगळ्यांना हे येत होतं. मीच काय शिकवायला आले होते, असा प्रश्न पडावा इतकं येत होतं. त्यांच्याकडं नव्हता तो रात्रपाळीचा माणूस. दर दोन तासांनी दूध द्यायचं म्हणजे रात्री दहापासून पहाटे सहापर्यंत चार वेळा, ऐंशी मुलांना, दोघींनी. मी शिकवायचं बंद केलं आणि आम्ही तीन तास नुसतं वेळापत्रक लावत बसलो. आयांनाच दूध मोजायला शिकवायचं ठरलं, पेल्यावर रंगानं रेघ ओढून. दहा दिवसांतलं माझं खरं काम एवढंच.

संध्याकाळी ती बकारवाली बाई धाकट्याला घेऊन वॉर्डात आली होती. दंड ११.१. तिनं मला ओळखलं आणि विचारलं, इथं बियाणं मिळतं का? जोंधळ्याचं. पाकिटं मिळतात, बियाणं नाही, असं मी तिला सांगितलं. मूल बरं व्हायला सहा-आठ आठवडे लागतील, तोवर दर आठवड्याला यायचं. तिनं बोटांवर मोजलं. गु च्या आधी होईल, म्हणाली.

१६ नोव्हेंबर

विमान पाच तास उशिरा. मोगादिशूच्या काउंटरवर माझं पट्ट्यांचं खोकं. सही करून बैदोआला पाठवलं.

बार्शी, पुढच्या जूनमध्ये

१३ डिसेंबरला जाहीर झालं, की फॅमिन तूर्तास टळलं. मदत वेळेत वाढली म्हणून टळलं, हे खरं आहे. मी ती वाढताना पाहिली. २०११ च्या दुष्काळात एकूण २ लाख ५८ हजार माणसं गेली, त्यातली जवळपास निम्मी घोषणा होईपर्यंतच गेलेली होती. त्या मानानं हे यशच. ऑफिसच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुलगुच्छ पडले. मार्चमध्ये लंडनच्या संशोधकांचा अंदाज आला: २०२२ या एका वर्षात दुष्काळामुळे ४३ हजार जादा मृत्यू, निम्मी पाच वर्षांखालची मुलं. ग्रुपवर त्या दिवशी कुणी काही टाकलं नाही. बाभळीखालचा तो मुलगा या अंदाजात धरला असेल. आमच्या वहीत त्याची नोंद नाही, कारण तो आमच्याकडं आलाच नव्हता.

गु मात्र यंदा बरा झाला. दुभाषी नर्सला मी त्या बाईचं विचारलं. धाकट्याचा दंड १२.६ होऊन जानेवारीअखेर नाव कमी झालं, एवढं रजिस्टरमध्ये आहे. पुढं नर्सनं लिहिलं होतं: एप्रिलमध्ये त्यांच्या बूलमध्ये दुसरं कुटुंब राहायला आलंय. काठ्या तशाच आहेत, प्लास्टिकचा कागद तेवढा नाही.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘कागद नेला म्हणजे रानात गेली. पेरताना निवारा लागतो.’